पगार आमचा, हुकूम साहेबाचा

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश हवाई दलाची ब्लेनहाइम विमानं जर्मनीच्या विल्हेल्म्सहाफेन बंदरावर गेली आणि तिथे उभ्या असलेल्या युद्धनौकांवर त्यांनी बॉम्ब टाकले. त्या युद्धातला ब्रिटिशांचा हा पहिला बॉम्बहल्ला. दोन तुकड्यांच्या दहा विमानांनी तो केला आणि त्यांतली पाच परत आली नाहीत. हल्ल्यात सर्वांत पुढे होती ११० क्रमांकाची तुकडी. तिचं अधिकृत नाव होतं 'हैदराबाद' स्क्वॉड्रन.

हे हैदराबाद आपलंच. आपली हिंगोली तेव्हा निझामाच्या मुलखात होती, परभणी जिल्ह्यात. १९१८ साली या तुकडीला मिळालेली पहिली विमानं निझाम मीर उस्मान अली खानाने भेट दिली होती. प्रत्येक विमानावर तसं लिहिलेलं होतं आणि तेव्हापासून तुकडीला ते नाव चिकटलं. ती विमानं ज्या खजिन्यातून आली तो भरत होता कळमनुरीचा, वसमतचा, सेनगावचा शेतसारा.

पुढचं ऐका. ८ डिसेंबर १९४१. मध्यरात्र उलटल्यावर जपानी फौज मलायाच्या कोटा भारू किनाऱ्यावर उतरली. पर्ल हार्बरवर पहिला बॉम्ब पडायला अजून तासाभराहून जास्त वेळ होता. पॅसिफिकमधलं महायुद्ध खरं सुरू झालं ते या किनाऱ्यावर. तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला उभी होती पहिली हैदराबाद इन्फन्ट्री, म्हणजे निझामाच्या संस्थानी फौजेची पलटण.

आणि शेवट? २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या आखातात जपानने शरणागतीवर सही केली, तेव्हा आखातात नांगर टाकून असलेल्या दोस्तांच्या जहाजांत ऑस्ट्रेलियाच्या नौदलाची एक विनाशिका होती. तिचं नाव 'निझाम'. तिच्यासाठीही पैसा हैदराबादहूनच गेला होता.

ब्रिटनच्या पहिल्या बॉम्बहल्ल्याचा दिवस, पॅसिफिकमधल्या युद्धाची पहिली रात्र आणि सगळ्याचा शेवटचा दिवस, तिन्ही ठिकाणी हैदराबादचं नाव हजर होतं. हैदराबादचं जर्मनीशी कुठलं भांडण होतं? जपानशी कुठली सीमा लागत होती? ज्यांच्या घामाचा हा पैसा, त्या पैनगंगेकाठच्या कुळांना कुणी कधी विचारलं होतं का?

नव्हतं. आणि १९३९ मध्ये कुणी विचारलं असतं तरी फार उशीर झाला होता, हे मला आज सांगायचं आहे. अलिप्त देश परक्याच्या युद्धात ओढला जातो तो युद्ध पुकारलं त्या दिवशी ओढला जात नाही. तो निर्णय पुष्कळ आधी झालेला असतो, एखाद्या शांत वर्षी, एखाद्या कराराच्या कलमात. त्यावर सही करणाऱ्याला वाटत असतं की आपण संरक्षण विकत घेतोय. हैदराबादच्या बाबतीत ते वर्ष होतं १७९८. म्हणजे विल्हेल्म्सहाफेनच्या १४१ वर्षं आधी.

त्याच्या तीन वर्षं आधी, १७९५ मध्ये, खर्ड्याला मराठ्यांनी निझामाचा पराभव केला. इंग्रज त्या वेळी बाजूला उभे राहिले. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहायचं ठरवलं होतं. निझाम घाबरला आणि त्याने फ्रेंच सेनापती रेमंड याच्या हाताखालच्या पलटणी वाढवल्या. मग १७९८ साली नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली कलकत्त्याला आला. त्याच उन्हाळ्यात नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला होता. लंडन आणि पॅरिसचं हाडवैर जुनं, पण त्याची धग आता हुसेनसागरापर्यंत पोचली. हैदराबादमधल्या फ्रेंच पलटणी हटल्याच पाहिजेत, हा वेलस्लीचा आग्रह. १ सप्टेंबर १७९८ ला निझामाने तैनाती फौजेच्या करारावर सही केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा पलटणी निझामाकडे राहणार आणि त्यांच्यासाठी निझाम वर्षाला सुमारे २४ लाख रुपये देणार. ऑक्टोबरमध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांना पकडून बाहेर काढलं गेलं आणि त्यांच्या हाताखालच्या हजारो शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या. पुढच्याच वर्षी निझामाची फौज इंग्रजांबरोबर श्रीरंगपट्टणला टिपूवर चालून गेली.

फ्रेंचांशी निझामाचं काही बिनसलं नव्हतं. उलट ते त्याच्याच पगारावर होते. तरी त्याने त्यांना काढलं, कारण युरोपातल्या दोन राजवटींना एकमेकींचा गळा धरायचा होता. भारताच्या मध्यावर बसलेलं, समुद्र नसलेलं राज्य फ्रेंच-इंग्रज युद्धात असं उतरलं. एकही फ्रेंच जहाज न पाहता.

१२ ऑक्टोबर १८०० चा दुसरा करार अधिक कडक होता. कंपनीला विचारल्याशिवाय निझामाने कुठल्याही परराज्याशी बोलणी करायची नाहीत. फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरच्या वाटणीत मिळालेला मुलूख परत कंपनीला द्यायचा. आणि युद्ध झालं तर निझामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार मदतीला द्यायचे. या कलमातले 'युद्ध झालं तर' हे शब्द नीट वाचा. शांततेच्या काळाबद्दल त्या कलमात चकार शब्द नव्हता.

पण शांततेच्या काळासाठीच फौज उभी राहिली. १८११ ते १८२० या काळात हैदराबादला कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, होता हेन्री रसेल. त्याने निझामाच्या पैशाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती फौज उभी केली, ती रसेल ब्रिगेड. तीच वाढत वाढत 'हैदराबाद कंटिंजंट' झाली. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, आणि हिंगोली, अशा ठिकाणी तिच्या छावण्या पडल्या. हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावं आजही पत्त्यात लिहिली जातात. त्या छावणीचा हिशोब कुणी मुलांना शिकवत नाही. दसऱ्याच्या प्रदर्शनाला लोटणारी गर्दी याच गल्ल्यांतून जाते.  छावणीचं काम काय होतं आणि तिचा खर्च कुणी केला, हे सांगणारी एक पाटी गावात असावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून सांगतो. या फौजेचा पगार निझामाच्या तिजोरीतून जायचा. तिचे अधिकारी नेमायचा रेसिडेंट. तिने कुठे जायचं, कुणावर गोळी झाडायची, हे ठरायचं रेसिडेन्सीत आणि कलकत्त्यात. निझामाला आपल्याच पैशाच्या फौजेला एक हुकूम देता येत नव्हता. देशाची अलिप्तता नेमकी इथे संपते. पैसा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा झाला की युद्ध कुणाचं, हा प्रश्नच उरत नाही. ते हुकूम देणाऱ्याचं असतं आणि त्यात मरणारे पैसा देणाऱ्याच्या गावचे असतात.

या फौजेने कुणावर शस्त्र चालवलं ते पाहा. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला, होळकरांवर. निझामाचं त्या वर्षी होळकरांशी युद्ध नव्हतं, कंपनीचं होतं. जानेवारी १८१९ मध्ये आपल्याच भागात, नव्ह्याच्या गढीवर. तिथे हटकरांचा नाईक नोवसाजी इंग्रज आणि निझाम दोघांनाही जुमानत नव्हता. मेजर पिटमनच्या हाताखाली रसेल ब्रिगेडने गढीला वेढा घातला, सुरुंग लावले आणि महिनाअखेरीस गढी घेतली. त्या कामगिरीबद्दल या पलटणींना 'नोवा' हा युद्धसन्मान मिळाला. आपल्याच मातीतल्या माणसांना मारल्याचा तो सन्मान, आणि खर्चही आपल्याच माथी. १८५७ नंतर हीच फौज सर ह्यू रोजच्या मोहिमेत मध्य भारतात गेली. झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध निझामाच्या पगारी शिपायांनी तलवार धरली. त्या वेळी निझामाने काय निवडलं, हा प्रश्न शाळेत विचारला जातो. निवडायला त्याच्या हातात काय होतं, हा प्रश्न विचारत नाहीत.

आता पैशाकडे येऊ. खरी गोम तिथेच आहे.

कंटिंजंटचा पगार दर महिन्याला द्यावाच लागे. खजिना रिकामा. दिवाण चंदुलालने पामर कंपनीसारख्या सावकारांकडून भरमसाट व्याजाने कर्ज काढलं. सारा वसूल करण्याचे मक्ते दिले गेले आणि मक्तेदारांनी गावं पिळून काढली. तरी पुरेना. मग खुद्द कंपनीनेच पगाराचे पैसे आगाऊ द्यायला सुरुवात केली आणि ते निझामाच्या नावावर कर्ज म्हणून मांडले. जी फौज शांततेत ठेवण्याचं बंधन करारातच नव्हतं, तिच्या पगाराचं कर्ज. ते पन्नास लाखांच्या घरात गेलं. २१ मे १८५३ ला गव्हर्नर जनरल डलहौसीच्या दडपणाखाली निझामाने नव्या करारावर सही केली आणि वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली केला. १८५७ मधल्या निष्ठेचं बक्षीस म्हणून १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, कर्जही माफ झालं. वऱ्हाड मात्र गेलं ते गेलंच. कापसाचा तो मुलूख कुणी सोडत असतं का? १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडावर कायमचं लिहून घेतलं आणि १९०३ ला कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन केलं. हिंगोलीची छावणी तेव्हाच उठली.

हिंगोली आणि वाशीम यांच्यामध्ये पैनगंगा वाहते. तिच्या दोन्ही काठांवर एकच भाषा, सोयरीकही तिथेच जुळते. तरी एका काठाला निझामी आणि दुसऱ्याला इंग्रजी अंमल, असं शतकभर चाललं. याचं कारण त्या एका छावणीचा थकलेला पगार होता. हैदराबादने वऱ्हाड कुठल्याही शत्रूच्या हाती गमावलं नाही. ते गेलं मित्राच्या बिलात.

१९१४. नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं. तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे जगभरच्या सुन्नी मुसलमानांचा खलिफा. इंग्रजांना धास्ती, की हिंदी मुसलमान शिपाई आता लढतील का? हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या मुसलमान संस्थानिकाने फर्मान काढलं, की मुसलमानांनी ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहावं. ज्याला तो धर्मगुरू मानत होता त्याच्याविरुद्धच्या युद्धात निझामाने आपल्या रयतेला उभं केलं. विसावं डेक्कन हॉर्स हे जुन्या कंटिंजंटच्या घोडदळातूनच आलेलं. ते फ्रान्सला गेलं, तेव्हा त्याच्या खर्चासाठीही निझामाने लाखो रुपये दिले. १९०३ मध्ये काढून घेतलेल्या फौजेचा पगार पुन्हा त्याच खिशातून! १४ जुलै १९१६ ला सॉमच्या लढाईत हाय वूडजवळ याच घोडेस्वारांनी मशीनगनच्या माऱ्यात भाले घेऊन चढाई केली. निझामाचे इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स सुएझला आणि पुढे पॅलेस्टाइनमध्ये लढले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन शिपायांपैकी एक त्यांचा, बाकीचे दोन जोधपूर आणि म्हैसूरचे.

बदल्यात १९१८ मध्ये उस्मान अलीला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' आणि 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' हे किताब मिळाले. त्याने मित्र हा शब्द खरा मानला आणि १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितलं. २७ मार्च १९२६ ला व्हाइसरॉय रीडिंगने उत्तर पाठवलं. त्याचा सारांश असा, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कुठल्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलायचं नाही. बारा वर्षांपूर्वी खलिफाविरुद्ध फर्मान काढणाऱ्याला हे उत्तर.

आणि तरीही १९३९ मध्ये तो पुन्हा सगळ्यांच्या पुढे. आणखी स्क्वॉड्रन, जहाज, पलटणी. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये स्पिटफायर उडवणाऱ्या १५२ क्रमांकाच्या तुकडीचं बोधवाक्यच होतं 'विश्वासू मित्र' आणि तिच्या चिन्हावर निझामाचं शिरोभूषण.

कुणी म्हणेल, हिटलरविरुद्ध लढणं चूक होतं का? अजिबात नाही. नाझींशी लढलंच पाहिजे होतं, आणि कोटा भारूला उभ्या राहिलेल्या शिपायांच्या धैर्याबद्दल मला आदरच आहे. काँग्रेसच्या कार्यकारिणीनेही १४ सप्टेंबर १९३९ ला वर्ध्याच्या ठरावात नाझींचा धिक्कारच केला होता. तिचा आक्षेप वेगळा होता. व्हाइसरॉय लिनलिथगोने एकाही हिंदी प्रतिनिधीला न विचारता ३ सप्टेंबरला हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं, हा तो आक्षेप. त्यावरून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत बाळासाहेब खेरांनी दिला, नागपुरात मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळाने दिला.

म्हणजे पैनगंगेच्या पलीकडे वाशीमला निदान राजीनामा द्यायला मंत्री होते. अलीकडे हिंगोलीला तेही नव्हते. लोकांना उत्तर देणारं सरकारच नव्हतं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आले होते. युद्धाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला एक सभागृह नव्हतं, जिथे एखादा माणूस उभा राहून 'आमचा पैसा कुठे जातोय?' असं विचारू शकला असता.

हे टाळता येत होतं का? आयर्लंडकडे पाहा. तोही इंग्रजांच्याच साम्राज्यातला देश. १९२१ च्या तहाने त्याला स्वराज्य मिळालं, पण कोव्ह, बेरहेवन आणि लॉक स्विली ही तीन बंदरं इंग्रजांच्या आरमाराकडे राहिली. आयरिश पंतप्रधान डी व्हॅलेराला ठाऊक होतं, की आपल्या बंदरात दुसऱ्याची युद्धनौका असेल तर आपण कितीही अलिप्त म्हणवून घेतलं तरी जर्मन बॉम्ब आपल्यावरही पडतील. त्याने वाटाघाटी करून एप्रिल १९३८ च्या करारात ती बंदरं परत मिळवली. पुढच्या वर्षी युद्ध आलं आणि आयर्लंड शेवटपर्यंत बाहेर राहिला. आतून त्याने ब्रिटनला पुष्कळ मदत केली आणि हजारो आयरिश तरुण स्वखुशीने ब्रिटिश सैन्यात गेले, हे खरं. पण ते त्यांनी ठरवलं. दक्षिण आफ्रिकेत तर हा प्रश्न संसदेत मताला टाकला गेला. ८० विरुद्ध ६७ अशा मतांनी त्यांनी युद्धात जायचं ठरवलं आणि ज्याचा पराभव झाला तो पंतप्रधान हर्टझॉग पायउतार झाला. निर्णय बरोबर की चूक ते सोडा, तिथल्या मतदाराला आपला प्रतिनिधी कुठल्या बाजूला बसला ते कळलं तरी.

आपल्या मराठी मुलखातलं उलटं उदाहरण गोव्याचं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल अलिप्त, म्हणून गोवाही अलिप्त. त्या भरवशावर जर्मनीची तीन व्यापारी जहाजं आणि इटलीचं एक मुरगावच्या बंदरात आसरा घेऊन थांबली होती. त्यांतल्या 'एहरेनफेल्स'वरून पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची खबर जाते, असा इंग्रजांचा संशय. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिशांनी बंदरात शिरून त्यावर हल्ला केला. ते होते कचेऱ्यांतले आणि पेढ्यांवरचे, उमेदीचं वय ओसरलेले हौशी घोडेस्वार, म्हणजे उद्या पकडले गेले तरी सरकारला हात वर करता यावेत. चारही जहाजं खलाशांनी स्वतःच बुडवली. ब्रिटनने कित्येक वर्षं कानावर हात ठेवले. अलिप्त देशाच्या बंदरात परक्यांची लढाई झाली आणि लिस्बनला फारसं काही करता आलं नाही. कागदावरची अलिप्तता बंदराच्या तोंडाशी तोफ नसेल तर एका रात्रीत अशी मोडते.

आता आजचं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. भारत अलिप्त राहिला आणि मला ते पटलं. पण त्याच वर्षी वसमत, कळमनुरीच्या हळद उत्पादकाला पोटॅशचं पोतं १७०० रुपयांना घ्यावं लागलं. पोटॅश भारतात निघत नाही, जवळजवळ सगळंच बाहेरून येतं आणि त्यातला मोठा वाटा रशिया-बेलारूसचा. हळदीला पोटॅश सोडून चालत नाही, हे बाजार समितीत बसलेला कुठलाही शेतकरी सांगेल. दुसरीकडे 'हेल्परचं काम आहे' असं सांगून एजंटांनी भारतीय पोरं रशियाला नेली आणि त्यांच्या हातात बंदूक दिली. काही मारले गेले. हा विषय पंतप्रधानांना थेट रशियाच्या अध्यक्षांकडे काढावा लागला. युद्ध पुकारलं नाही म्हणजे युद्ध आपल्या घरी आलं नाही, असं नसतं.

आणि स्वतंत्र भारतालाही १७९८ टळलेलं नाही. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत भारत-श्रीलंका करारावर सही झाली आणि दुसऱ्याच दिवशी आपली फौज जाफन्याला उतरायला लागली. शांतता राखायला गेलेली फौज काही महिन्यांत एलटीटीईशी लढत होती. सुमारे बाराशे जवान तिथे मारले गेले. करार आधी झाला, चर्चा नंतर. ऑगस्ट २०१६ मध्ये भारताने अमेरिकेशी एकमेकांची बंदरं, तळ, इंधन आणि दुरुस्ती वापरण्याचा करार केला. त्यात तळ देण्याचं बंधन नाही, प्रत्येक वेळी आपली परवानगी लागते, असं सरकारने सांगितलं आणि ते खरं आहे. पण १८०० च्या करारातही 'युद्ध झालं तर' असंच लिहिलेलं होतं. कलम काय म्हणतं यापेक्षा पन्नास वर्षांनी त्याचा वापर कोण कसा करतो, हे हिंगोलीने अनुभवलंय.

माझा राग कुठल्याही एका पक्षावर नाही. कोलंबोचा करार एकाने केला, २०१६ चा दुसऱ्याने. माझा राग एका रिकाम्या जागेवर आहे. परदेशांशी केलेला करार अमलात येण्याआधी संसदेपुढे मंजुरीला ठेवलाच पाहिजे, असा कायदा भारतात आजही नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या यादीत परदेशांशी करार हा १४ वा विषय आहे आणि युद्ध व शांतता १५ वा. दोन्ही एकाखाली एक, आणि दोन्हींवर मंत्रिमंडळ एकट्याने निर्णय घेऊ शकतं. संसद नंतर चर्चा करते, तीही वेळ मिळाला तर. अमेरिकेत तहाला सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची गरज लागते. आपल्याकडे गावात ग्रामपंचायतीला सार्वजनिक कामाचा ठराव घ्यावा लागतो, पण देशाच्या बंदरात परक्या आरमाराला इंधन द्यायचं की नाही, याला ठराव लागत नाही.

गुप्तता लागते, घाई असते, शत्रू ऐकत असतो, ही उत्तरं मला माहीत आहेत. रणांगणावरच्या निर्णयाला ती लागू आहेत. पण करार हा रणांगणावर होत नाही, तो शांततेत महिनोन्‌महिने घासून होतो. त्याच वेळी तो संसदेत आला तर एखादा खासदार उठून विचारू शकेल, की या कलमाचा पगार कोण देणार आणि हुकूम कोण देणार? १८०० साली हा प्रश्न विचारायला हैदराबादेत कुणी नव्हतं. १८५३ ला नव्हतं, १९१४ ला नव्हतं, १९३९ ला नव्हतं.

निझामाला हे कळलं तेव्हा पार उशीर झाला होता. १९४७ मध्ये इंग्रज निघून गेले आणि दीडशे वर्षांच्या विश्वासू मित्राला त्यांनी एका ओळीत सोडून दिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याने संयुक्त राष्ट्रांचं दार ठोठावलं, लंडनकडे आशेने पाहिलं. कुणी आलं नाही. १७ सप्टेंबरला मराठवाडा मोकळा झाला आणि ते आपल्या भाग्याचं झालं. पण ज्यांच्यासाठी त्याने आपल्या रयतेचा पैसा आणि माणसं तीन खंडांत पाठवली, त्यांनी त्याच्यासाठी एक शिपाईही हलवला नाही, हे प्रत्येक 'मित्र' देशाने ध्यानात ठेवावं.

करारांना संसदेची मंजुरी सक्तीची करणारी खासगी विधेयकं याआधी मांडली गेली आहेत. एकही मंजूर झालं नाही. लोकसभेत दर शुक्रवारी दुपारी शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामाला राखलेले असतात. हिंगोलीच्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात असं एक विधेयक मांडावं. त्याच्या निवेदनात वऱ्हाडचं नाव घालावं, १८५३ चं कर्ज घालावं आणि नव्ह्याच्या गढीचंही. सही करण्याआधी आम्हाला विचारा, असं म्हणण्याचा हक्क हिंगोली जिल्ह्याइतका फार थोड्या जिल्ह्यांना असेल.